प्रश्न विचारल्यानंतर

पहाटे 5

मार्गशीर्षात नाशिकची थंडी हाडात शिरते. शाल लपेटून मी खिडकीशी वीस मिनिटं बसते. नाकपुडीशी श्वास येतो-जातो, तो बघायचा. मन गॅसच्या नंबराकडे, लेकीच्या परीक्षेकडे, महाविद्यालयातल्या हजेरीपटाकडे धावलं की हाताला धरून परत आणायचं, एवढंच. हे मी इगतपुरीला शिकले. धम्मगिरी आमच्याच जिल्ह्यात, 1976 पासून आहे. तरी तिथं पाऊल टाकायला मला चाळिशी उजाडावी लागली.

का गेले, ते सांगायला हवं. बी.एड. महाविद्यालयात सामाजिक शास्त्रांची अध्यापन पद्धती शिकवायला लागून मला सहा वर्षं झाली होती. सराव पाठ बघताना मी मागच्या बाकावर लाल पेन घेऊन बसायची. एका छात्राध्यापिकेचा पाठ चवदार तळ्यावर होता. 20 मार्च 1927 ला महाडला काय घडलं, हे ती अगदी आतून सांगत होती आणि मुलं कान देऊन ऐकत होती. ती 'पाणी'ला 'पानी' म्हणायची, 'आणि'ला 'आनि'. मी मागं बसून तिचे 'ण' मोजले आणि निरीक्षण वहीत लिहिलं, 'उच्चार अशुद्ध. इतिहास शिकवण्यास योग्य नाही.' पाण्यावरच्या हक्काचा तो पाठ होता, आणि मी त्यातला 'ण' धरून बसले.

ती चार दिवस आली नाही. आली तेव्हा पुढचा पाठ पुस्तकातून वाचून दाखवला, एकही शब्द स्वतःचा नाही. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी दहा दिवसांच्या शिबिराला गेले. तिथं मौनात सहाव्या-सातव्या दिवशी तिचा चेहरा समोर आला, तो आजही पहाटे येतो. मी त्याला घालवत नाही.

सकाळी 6.15

पोळ्या लाटून झाल्या की चहाबरोबर छात्राध्यापकांची पाठ टाचणं. काल संध्याकाळी तीन आली आहेत. पूर्वज्ञान, हेतुकथन, विषय प्रतिपादन, फलक लेखन, संकलन, गृहपाठ. सगळ्या चौकटी भरलेल्या. दोन टाचणं गाइडमधून उतरवलेली दिसतात, तिथं प्रश्नापुढे मुलाचं उत्तरही आधीच लिहून ठेवलंय. ही सवय मोडायला मला दरवर्षी अख्खं पहिलं सत्र लागतं. उत्तर आधीच ठरलं असेल तर शिक्षक वर्गात तेवढंच उत्तर शोधत फिरतो. दुसरं आलं तर ते त्याच्या कानावर पडतच नाही.

तिसरं टाचण सटाण्याच्या छात्राध्यापिकेचं, आजच्या पाठाचं. इयत्ता सहावी, नागरिकशास्त्र, 'समाजातील विविधता'.

सकाळी 7.20

शाळा महानगरपालिकेची, शहराच्या कडेला, द्राक्षबागा सुरू होतात त्या बाजूची. परिपाठ चालू आहे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, आणि मग दोन मिनिटं डोळे मिटून मौन.

शाळाशाळांत आता हे बसलं आहे. दिल्लीत 2018 मध्ये आनंदाचा अभ्यासक्रम आला, त्यातला तास सजगतेच्या काही मिनिटांनी सुरू व्हायचा. आपल्याकडे विपश्यनेच्या परंपरेतला आनापान, म्हणजे येता-जाता श्वास बघणं, 'मित्र' उपक्रमातून शाळांत गेला. मला हे मनापासून हवं आहे, म्हणूनच त्याचं काय होतं याकडे मी बारीक लक्ष ठेवते. एक शिक्षक मला कौतुकानं सांगतात, "मॅडम, मौनाला बसवलं की पुढचा तासभर आवाज नाही." मुलांचा आवाज बंद व्हावा म्हणून ध्यान घेतलं तर मुलं ध्यानाचा अर्थ 'गप्प बस' असाच शिकतात. आणि जो मुलगा मधल्या सुट्टीत जातीवरून, रंगावरून, बोलीवरून चिडवला गेला, त्याला आपण 'श्वासाकडे बघ' म्हणालो तर आपण चिडवणाऱ्याची बाजू घेतली. आधी चिडवणं थांबवायचं. श्वास नंतर.

दुसरी एक गोष्ट मी छात्राध्यापकांना वर्षाच्या पहिल्या महिन्यातच सांगते. सगळ्यांनी डोळे मिटलेच पाहिजेत, असा आग्रह धरायचा नाही. काही मुलांना डोळे मिटले की भीती वाटते. घरात मारहाण असते, कोणी वारलेलं असतं. त्यांनी उघड्या डोळ्यांनी जमिनीकडे बघावं, बाहेरचे आवाज मोजावेत. मंत्र नाही, तसबीर नाही, उदबत्ती नाही. श्वास सगळ्यांचा एकच, त्यामुळे कुठल्याही घरच्या मुलाला आपण परक्याच्या देवळात आलो असं वाटायला नको.

आज तिसऱ्या रांगेतला एक मुलगा मौनात एक डोळा उघडून माझ्याकडे बघतोय. मी हसते. तो घाईनं मिटतो.

सकाळी 8.05

पाठ सुरू. वर्गात 41 मुलं. मी मागं बसते, पण लाल पेन आता नाही. कोऱ्या कागदावर बाकांचा नकाशा काढते, एका मुलाला एक चौकोन. बाईंनी कोणाला विचारलं तिथं टिंब, कोण बोललं तिथं रेघ. बाकी काही लिहायचं नाही. छात्राध्यापकांना गुण देणारा छापील तक्ता नंतर भरता येतो. हा नकाशा नंतर काढता येत नाही.

सटाण्याच्या मुलीनं कार्डशीटवर मोठा तक्ता केला आहे. मधे भारताचा नकाशा, भोवती दिवाळीची पणती, ईदचा चांद, नाताळचा तारा, बैसाखी, पोंगल. रात्री उशिरापर्यंत कात्री चालवलेली दिसते. आवाज खणखणीत, फळ्यावरचं अक्षर सुरेख.

"तुमच्या घरी कोणकोणते सण साजरे होतात?"

पुढच्या दोन बाकांवरून हात उसळले. दिवाळी, गणपती, ईद, रंगपंचमी. प्रत्येक उत्तराला "छान!" आणि लगेच पुढचा प्रश्न. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर एक मुलगी आहे, दोन वेण्या, स्वेटरची बाही कोपरावर उसवलेली. तिचे ओठ हलले. हात वर आला नाही, बाकाच्या कडेपर्यंतच आला.

"अजून कोणी? नाही? बरं."

'अजून कोणी' आणि 'बरं' यांच्यामध्ये एक सेकंद गेला असेल. त्याहून जास्त नाही.

थोड्या वेळानं बाईंनी पुन्हा विचारलं, "एखादा वेगळा सण?" या वेळी ती मुलगी बोलली. दोनच शब्द, तेही बाकाला सांगितल्यासारखे. आजूबाजूच्या चौघांना ऐकू गेले आणि ते फिस्सकन हसले. "शांत बसा!" म्हणून बाई तक्त्याकडे वळल्या, आणि विविधतेत एकता हे वाक्य वर्गानं तीनदा मोठ्यानं म्हटलं.

पाठ संपला तेव्हा माझ्या कागदावर डाव्या हाताच्या पुढच्या दोन बाकांवर रेघांची गर्दी होती. 33 प्रश्न विचारले गेले होते. 26 चौकोन कोरे होते. खिडकीजवळच्या चौकोनात मी रेघ काढली आणि तिच्याभोवती गोल केला.

मधल्या सुट्टीत मी तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसले. "काय म्हणालीस गं मघाशी?"

तिनं आधी इकडं-तिकडं बघितलं. "डोंगऱ्या देव, बाई."

मग बोलायला लागली. घर सुरगाण्याकडे. आईबाप द्राक्षाच्या बागेत विरळणीला आलेत. याच महिन्यात गावाकडे डोंगऱ्या देव बसतो, तिचा मामा व्रत धरतो, रात्रभर पावरी वाजते, माणसं फेर धरून नाचतात आणि शेवटी डोंगरावर जातात. या वर्षी बागेतलं काम संपलं नाही म्हणून त्यांना जायला मिळालं नाही. पावरी कशी वाजते ते तिनं गाल फुगवून दाखवलं. मघाशी हसलेल्यांतला एक जण डबा हातात धरून शेजारी उभा होता. म्हणाला, "परत करून दाखव ना."

सकाळी 8.50

व्हरांड्यात मी आणि सटाण्याची. ती आधीच रडवेली. पाठानंतर प्राध्यापक काय बोलणार याची धास्ती सगळ्याच छात्राध्यापकांना असते. ती धास्ती किती खोल जाऊ शकते, हे मी एकदा पाहिलं आहे. म्हणून पहिल्यांदा तक्त्याबद्दल बोलले, अक्षराबद्दल बोलले. मग कागद तिच्यासमोर ठेवला. ती बराच वेळ कोऱ्या चौकोनांकडे बघत राहिली.

"प्रश्न विचारल्यावर तू काय बघत होतीस?"

"घड्याळ, मॅडम. पस्तीस मिनिटांत घटक संपवायचा होता."

"आणि वर्गात कोणी बोलत नव्हतं, तेव्हा आत काय होत होतं?"

ती थांबली. "छातीत धडधड. वाटतं, आता सगळ्यांना कळणार, हिला शिकवता येत नाही."

इथंच माझं सगळं काम आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासिकेनं 1970 च्या आसपास वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून ऐकून वेळ मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, असं तिला आढळलं. तोच वेळ तीन सेकंदांच्या वर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, आणि ज्यांना शिक्षक मठ्ठ समजत होते ती मुलं बोलायला लागतात. आणखी एक थांबणं तिनं सांगितलं, मुलाचं उत्तर आल्यानंतरचं. आपण लगेच 'छान' म्हणतो आणि त्याचं पुढचं वाक्य गिळून टाकतो.

ऐकायला हे सोपं वाटतं. करायला गेलं की छातीतली धडधड आडवी येते. तीन सेकंदांची शांतता नवख्या शिक्षकाला विहिरीसारखी वाटते. घड्याळ बघून ती पार करता येत नाही. 'मला भीती वाटतेय' हे त्या क्षणी ओळखता आलं, एक श्वास पुरता घेता आला आणि नजर शेवटच्या बाकापर्यंत नेता आली, तरच माणूस तिथं उभा राहतो. शिक्षकाची सजगता म्हणून मी जे शिकवते ते इतकंच आहे. मुलांना डोळे मिटायला सांगण्याआधी शिक्षकानं आपले उघडे ठेवायला शिकायचं.

आम्ही तिथंच सराव केला. तिनं मला प्रश्न विचारायचा आणि मी गप्प बसायचं. पहिल्या वेळी तिनं दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर दिलं. चौथ्या वेळी पाच सेकंद थांबली. कपाळावर घाम आला होता, एवढ्या थंडीत.

"उद्या तिला पुढे बोलावते, मॅडम. सगळ्या वर्गाला डोंगऱ्या देवाची माहिती सांगायला लावते."

"नको." हे मी जरा जोरातच म्हणाले असेन. उद्या तिला फळ्यापुढे उभं केलं की ती वर्गातली आदिवासी मुलगी होईल, आज ती वर्गातली एक मुलगी आहे. वेगळेपणाचा नमुना म्हणून मूल उभं करणं हा आपल्या क्षेत्रातला फार सभ्य दिसणारा दोष आहे, आणि विविधतेच्या पाठात तो हमखास होतो. प्रश्नच बदल, असं मी तिला सांगितलं. तुमच्या घरात असं काय होतं जे या पुस्तकात नाही, असं सगळ्यांना विचार. मग गणपती बसवणाऱ्या घरातलं मूलही विचार करेल, मोहरमला सरबत वाटणाऱ्या घरातलंही. आणि सांगायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

दुपारी 11.30

महाविद्यालय. बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं, शाळेतला छात्रसेवाकाल वाढला, ते फार बरं झालं. पूर्वी एका वर्षात पाठांचे आकडे पूर्ण करण्यातच जीव जायचा.

या तासाला पुस्तकात नसलेला विषय घेते: शिष्यवृत्तीचे फॉर्म कसे भरून घ्यायचे. छात्राध्यापकांना हा कारकुनी विषय वाटतो. मी त्यांना माझ्या आठवीची गोष्ट सांगते.

वर्गशिक्षकांनी यादी हातात घेऊन एकेका प्रवर्गाचं नाव घेतलं आणि त्या त्या मुलांना उभं राहायला सांगितलं. आवाजात राग नव्हता, कुत्सितपणा नव्हता. कामच उरकत होते. माझ्या बाकावरची मैत्रीण उभी राहिली. मी बसलेली. पहिलीपासून आम्ही एका बाकावर, मधल्या सुट्टीत एका डब्यात. दुसऱ्या दिवशी ती मागच्या बाकावर जाऊन बसली. तिला तिथं कोणी पाठवलं नव्हतं. मी तिला परत बोलावलं नाही. का नाही बोलावलं, याचं उत्तर मी त्या वयात स्वतःला दिलं नाही, आणि आता दिलेलं कोणत्याच कामाचं नाही.

म्हणून या तासाला मी अगदी पायरीपायरीनं शिकवते. मुलाचा प्रवर्ग शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असतो. वर्गात विचारायची गरजच नाही. कागद कमी असेल तर पालकांना फोन करा, किंवा पालकसभेला एकेकट्याशी बोला. सगळ्या मुलांना सारख्या पाकिटातून काहीतरी देताना फॉर्मही त्याच पाकिटातून द्या. पैसे खात्यात आले का, हे मोठ्यानं विचारू नका. शिष्यवृत्ती हा त्या मुलाचा हक्क आहे. शाळेनं हजेरीत जात पुकारली की हक्क मिळतो आणि मान जातो. एका छात्राध्यापकानं सगळं नीट उतरवून घेतलं, मग पेन ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे उभं राहिल्यावर मोजायचे पण." मी पुढचं वाक्य बोलले नाही. त्याला आणखी काही सांगायचं असेल तर जागा असावी. तो इतकंच बोलला.

दुपारी 1.00

डबा. आज मेथी. स्टाफरूममध्ये कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका फिरतेय.

दुपारी 1.45

दुसऱ्या वर्षाचा वर्ग. विषय: संघर्षाचा इतिहास वर्गात कसा शिकवायचा. उदाहरण मी मुद्दाम पायाखालचं घेते, काळाराम मंदिराचा सत्याग्रह. मंदिर इथून रिक्षानं पंधरा मिनिटांवर. वर्गातले निम्मे लोक तिथं दर्शनाला जाऊन आलेले.

फळ्यावर दोनच तारखा लिहिते. 2 मार्च 1930. 12 मार्च 1930. दुसरी सगळ्यांना पाठ आहे, दांडी यात्रा. पहिली तिघांना माहीत होती. गांधीजी साबरमतीहून निघायच्या दहा दिवस आधी या गावात डॉ. आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं, बायकांसह, एका देवळाच्या दाराशी उभी होती. दार उघडलं नाही. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला. शेवटी 13 ऑक्टोबर 1935 ला, याच जिल्ह्यात येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. या तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या की 1930 चा मार्च महिना वेगळा दिसायला लागतो. स्वातंत्र्य कोण कोणाकडे मागत होतं, हा प्रश्न दोन्ही दिशांनी उभा राहतो.

इथून पुढे बहुतेक वर्ग बिघडतात. कोणी तरी भाषण करतो, कोणी तरी दुखावतो, बाकीचे घड्याळाकडे बघतात. म्हणून चर्चेआधी मी दोन मिनिटं देते. पाय जमिनीवर टेकवा, तीन श्वास घ्या, आणि हे ऐकताना तुमच्या अंगात कुठं काय झालं ते एका ओळीत लिहा. मत लिहायचं नाही. घसा आवळला, कान गरम झाले, काहीच झालं नाही, जे असेल ते. कागद कोणाला दाखवायचा नाही.

दोन मिनिटांनी मी विचारलं, "कोणाला काही सांगायचंय?" आणि थांबले.

पंचवटीतला एक मुलगा आहे, घरात पौरोहित्य. तो बऱ्याच वेळानं म्हणाला, "आमच्या घरात ही गोष्ट कधी कोणी काढतच नाही."

कोणी काही बोललं नाही. पंखा बंद होता, बाहेर रिक्षा वळल्याचा आवाज आला. मी सेकंद मोजत नव्हते, पण तीनाहून कितीतरी जास्त गेले. मग दुसऱ्या रांगेतली मुलगी, त्याच्याकडे न बघता, म्हणाली, "आमच्या घरात रोज निघते."

मी या दोन वाक्यांमध्ये काही घातलं नाही. समेट घडवून आणायची घाई शिक्षकाला फार होते. वर्ग पुन्हा हसता-खेळता झाला की त्याला सुटल्यासारखं वाटतं, आणि ज्याला काही सांगायचं होतं त्याचं सांगणं त्या हसण्याखाली जातं. तास संपला तेव्हा तो मुलगा तिच्या बाकाशी जाऊन उभा होता. काय बोलले ते मला माहीत नाही. मी हजेरीची वही घेऊन बाहेर पडले.

दुपारी 3.45

सात छात्राध्यापकांना घेऊन त्रिरश्मीवर. लोक पांडवलेणी म्हणतात. पुढच्या आठवड्यात शाळेची क्षेत्रभेट आहे, तिची तयारी. पायऱ्या चढून गेलं की 24 लेणी ओळीनं, आणि समोर सगळं नाशिक पसरलेलं.

क्षेत्रभेट म्हणजे सेल्फी आणि भेळ असं होऊ नये म्हणून मी त्यांना आधी दहाव्या लेण्यातला एक शिलालेख वाचायला लावते, अर्थात भाषांतरात. राजा नहपानाचा जावई उषवदात यानं भिक्षूंसाठी 3000 कार्षापणांची ठेव ठेवली. त्यातले 2000 विणकरांच्या एका श्रेणीत, म्हणजे व्यवसाय-संघात, दरमहा शेकडा एक व्याजानं. 1000 दुसऱ्या विणकरांकडे, शेकडा पाऊण. पहिल्या 2000 च्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. मी म्हटलं, करा हिशेब. नांदगावच्या मुलानं मोबाइल न काढता केला: 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्षू गुणिले बारा, 240. तो दगडाकडे बघत राहिला. सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा हिशेब पैचाही फरक न पडता जुळला होता. गणित, अर्थशास्त्र, विणकर, भिक्षू, सगळं एका भिंतीवर. माझ्यासाठी सामाजिक शास्त्रांचा याहून चांगला धडा नाही.

मग सतरावं लेणं. दान देणारा इंद्राग्निदत्त, स्वतःला यवन म्हणवतो, उत्तरेकडून आलेला. ग्रीक कुळातला माणूस, नाव अग्नी-इंद्राचं, बापाचं नाव धर्मदेव, आणि लेणं बौद्ध भिक्षूंसाठी. मुलं खूश झाली, विविधतेचं उदाहरण मिळालं. तेवढ्यावर मी थांबू देत नाही. तिसऱ्या लेण्यात नेते. तिथं राजमाता गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, स्तुती कोरून घेतली आहे: त्यानं शक, यवन, पल्हव यांचा नाश केला, आणि चार वर्णांचा संकर थांबवला. एकाच डोंगरावर यवनाचं दान आणि यवनांच्या नाशाचा अभिमान. भिक्षूंना लेणं देताना वर्ण न मिसळल्याचं समाधान. विविधता आपल्याकडे कायमच होती, म्हणजे सगळं गोडीगुलाबीचं होतं, असं मुलांना शिकवू नका. ही दोन्ही लेणी दाखवा, एकामागून एक.

उतरायच्या आधी एका विहारातल्या खोलीत बसलो. दगडाचा ओटा, अंधार, थंडावा. कोणी तरी म्हणालं, "मॅडम, इथंच माइंडफुलनेस करायचं का?" हा शब्द त्यांना मोबाइलवरच्या ॲपमधून कळलेला. मी त्यांना सांगितलं, 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी ताण कमी करण्यासाठी ही पद्धत शिकवायला सुरुवात केली आणि तिथून ती जगभरच्या शाळांत गेली. पण मागं जात राहिलं तर शब्द पालीतला, सती. आपल्या 'स्मृती'चंच ते रूप. आठवण ठेवणं. आत्ता काय चाललंय ते न विसरणं. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हा शब्द आपल्याच घरचा वाटायला हरकत नाही.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग वॉचमननं शिट्टी वाजवली.

रात्री 8.40

भांडी आवरली. लेक अभ्यासाला बसली. उद्याची दोन टाचणं फोनवर आली आहेत, एक सटाण्याच्या मुलीचं. त्याच वर्गावर तिला आणखी एक पाठ मिळालाय. फोटो जरा हललेला, पण वाचता येतो. हेतुकथन नव्यानं लिहिलंय. प्रश्न 33 वरून 6 वर आलेत. प्रत्येक प्रश्नापुढे, जिथं मुलाचं उत्तर लिहायची पद्धत आहे, तिथं तिनं तीन टिंबं दिली आहेत. फलक लेखनाच्या चौकटीत डावीकडे घटकाचं नाव आहे आणि उजवी बाजू पूर्ण कोरी. खाली कंसात बारीक अक्षरात लिहिलंय: मुलं सांगतील ते.

मी 'मंजूर' लिहून पाठवलं आणि अलार्म पाचचा लावला.